आतलं जेरुसलेमला गेलं, बाहेरचं आपल्या हातून पडलं

कोची, शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०१९

प्रति,
केरळातल्या जुन्या वास्तूंचा आणि पर्यटनाचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो त्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत दिसलं म्हणून चुकून आलंय असं समजून बाजूला ठेवू नका. ह्याच विषयावरचा इंग्रजी अर्ज मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिलाय, पोचेचा शिक्का माझ्याकडे आहे, उत्तर नाही. मल्याळम मला मासळीवाल्या चेट्टाशी घासाघीस करण्यापुरतं येतं, त्यात असलं पत्र काही लिहिता यायचं नाही, ऑफिसातली मैत्रीण करून देणार आहे, ते मागून येईल. मराठीत लिहितेय कारण हे तुमच्याइतकंच ज्यांनी वाचावं असं मला वाटतं ते लोक अलिबाग, पेण, पनवेल, ठाण्याला आहेत, आणि इस्राएलात अश्दोद नि लोदलाही आहेत, जिथे आमच्या म्हाताऱ्या अजून मराठीतच भांडतात.

विषय : कोचीतल्या मट्टानचेरीच्या ज्यू टाऊनमधलं कडवुंभागम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनेचं घर, साल १५४४. गेल्या महिन्यात पावसात कोसळलं. आता तिथे आहेत त्या काही भिंती आणि ढिगारा.

बातमी आली तेव्हा सगळे चॅनेल मरडूच्या फ्लॅट्सपुढे कॅमेरे लावून बसले होते. किनाऱ्याचे नियम मोडून बांधलेले टॉवर पाडा म्हणून सुप्रीम कोर्टाने सांगितलं आणि आत राहणारी माणसं रस्त्यावर आली. मी त्यांना नावं ठेवत नाही, कर्ज काढून घेतलेलं घर डोळ्यादेखत जाणार म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार. पण एकाच शहरात एकाच महिन्यात काही वर्षांच्या इमारती पाडायला कोर्टाला तारखांवर तारखा द्याव्या लागतात आणि पावणेपाचशे वर्षांची एक इमारत कोणाची सही न लागता, नोटीस न लागता, आपली आपण खाली बसते, हे मला त्या दिवसापासून सुचू देत नाहीये.

आणि त्याच्या थोडेच दिवस आधी, ३० ऑगस्टला, सारा कोहेन गेल्या. ९६ वर्षांच्या होत्या, ज्यू टाऊनमधलं त्यांचं भरतकामाचं दुकान जगभरच्या टुरिस्टांना माहीत. त्यांच्याबद्दल देशभरच्या पेपरांनी लिहिलं, लिहायलाच हवं होतं. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची भिंत पडली तेव्हा मात्र ज्यू टाऊनमधे मसाले घ्यायला गेलेल्या माझ्या शेजारणीलाही पत्ता नव्हता. तिला वाटलं एखादं जुनं गोदाम पडलं असेल. तिची चूक नाही, इतकी वर्षं ते गोदामच होतं.

आधी माझा ह्यात काय संबंध ते सांगते, कारण तुमच्याकडच्या एका टेबलावर मला सरळ विचारलं गेलं की तुम्ही मुंबईच्या, तुमचं ह्यात काय?

मी बेने इस्राएल. कोकणातली ज्यू. आम्हाला गावाकडे शनिवार तेली म्हणायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. आमची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी किनाऱ्याला लागली. मग शेकडो वर्षं शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस पाळला, सुंता केली, शेमाची प्रार्थना म्हटली, बाकीचं बरंच विसरायला झालं. जे विसरलेलं होतं ते पुन्हा शिकवायला कोण आलं? कोचीचे ज्यू आले. हिब्रू प्रार्थना, सणांचे नियम, तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ वाचायची चाल, हे कोकणातल्या आमच्या खेड्यांत कोचीहून आलेल्या गुरुजींनी शिकवलं. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं, ते आजही सॅम्युअल स्ट्रीटला आहे. त्यात ठेवायला सेफेर तोरा हवी होती, चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी, ती काही मुंबईत मिळणारी वस्तू नव्हे. ती आणायला दिवेकर आले कोचीला. आणि १७९७ मधे इथेच वारले.

म्हणजे माझ्या लोकांनी मुंबईत देव्हारा बांधला आणि त्यातला देव मागायला ते इथे आले, असं माझी आजी सांगायची. (देव म्हटलेलं आमच्या धर्मात चालणार नाही, पण आजी कोकणातली होती.) नोकरीसाठी पाच वर्षांपूर्वी मी कोचीला आले तेव्हा ती म्हणाली, जा, आपलं उधार आहे तिथे.

माझी मावशी अश्दोदला असते. मागच्या वर्षी ती जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममधे गेली होती, तिथे चार देशांतल्या चार सिनेगॉगच्या आतल्या खोल्या जशाच्या तशा उभ्या केल्यात, इटली, जर्मनी, सुरिनाम आणि चौथी आपली, कोचीची. कडवुंभागमची. १९९१ मधे इथलं आतलं कोरीव लाकूडकाम विकत घेऊन तिकडे नेलं आणि पुढे दुरुस्त करून जोडलं. मावशीने छताखाली उभं राहून फोटो काढला, मान पूर्ण मागे टाकून, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली लिहिलं "अगं तुझ्या घराजवळचं छप्पर इथे आहे, एसीत". तेव्हा आम्ही हसलो होतो.

गेल्या महिन्यात त्याच छपराखालच्या जागेवर मी पावसात उभी होते, म्हणजे आत नाही, कडेला, जिथपर्यंत जाऊ दिलं तिथपर्यंत. तो फोटो मी फोनवर परत काढून बघितला. आणि मग नाही हसू आलं.

आता तुम्ही म्हणाल आत काही उरलंच नव्हतं, रिकामी खोली पडली. हे मी त्या दिवसापासून चार जणांकडून ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

केरळातलं सिनेगॉग म्हणजे नुसती एक खोली नसते. आधी रस्त्याला लागून दरवाजाची छोटी इमारत, मग आडोशाची वाट, मग अंगण, मग पुढची खोली जिला अझारा म्हणतात, आणि मग मुख्य दालन. दालनात मधोमध एक तेवा, म्हणजे तोरा वाचायचा कठड्याचा चौथरा, आणि वर माडीवर दुसरा तेवा, बायकांच्या बसायच्या जागेच्या पुढे. असे खालीवर दोन तेवा जगात दुसरीकडे कुठे बांधत नाहीत, ही केरळची रीत. म्हणजे सणाच्या दिवशी वाचणारा माणूस बायकांच्या पुढ्यात वर उभा. आमच्या कोकणातल्या सिनेगॉगांमधे सुद्धा हे नाही. ही रचना कळते ती भिंती, दारं, माडीचे खाचे आणि अंगणाची मापं ह्यांच्यावरून. लाकूड जेरुसलेमला आहे, पण समुद्राकडून येणारा माणूस कुठून आत शिरायचा, बायका कुठल्या जिन्याने वर जायच्या, अंगणात ऊन कधी यायचं, हे जेरुसलेमला नेता येत नाही. ते इथे होतं.

आणि बांधकाम. जांभ्याचा चिरा, वर चुन्याचा गिलावा, आत सागवान, वर कौलं. कोकणातल्या माणसाला हे घर बघून परकं वाटणारच नाही. मी ढिगाऱ्यातला एक चिरा हातात घेतला (परत ठेवला, काळजी नको). एका बाजूला चुना अजून घट्ट चिकटलेला, बोटभर जाड, गुळगुळीत, नखाने ओरखडा पडत नव्हता. दुसरी बाजू, जिथला गिलावा कधीचा सुटलेला, तिथे चिरा ओल्या भाकरीसारखा, अंगठ्याने दाबला की लाल पाणी. सगळी गोष्ट त्या एका दगडात आहे हो. गिलावा धरून राहिला तिथे दगडाने साडेचारशे पावसाळे काढले, गिलावा गेला तिथे दगड गेला. हे इंजिनियरने सांगायची गरज नाही, आमच्या गावी मे महिन्यात बायाबापड्या पावसाच्या बाजूच्या भिंतीला झापं बांधतात ती ह्याचसाठी. माडाच्या झावळ्यांची झापं. केरळात माडाची काही टंचाई आहे का?

घरातून लाकूड काढलं की भिंती एकट्या पडतात, हे पण आमच्याकडचा कुठलाही सुतार सांगेल. १९९१ नंतर ह्या भिंतींना नीट छप्पर आणि आधार लागणार हे उघड होतं. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला.

लाकूड नेलं म्हणून मी कोणाला दोष देत नाही बरं का. उलट आता वाटतं बरं झालं नेलं, नाहीतर तेही ह्या ढिगाऱ्यात असतं, आणि हे वाक्य लिहिताना मला लाज वाटतेय, तुम्हालाही वाचताना वाटावी.

आता तक्रारी.

पहिली, "खासगी मालमत्ता आहे, आम्ही काय करणार". हे उत्तर मला तोंडी मिळालं, दोन वेगवेगळ्या टेबलांवर, दोन्हीकडे चहाबरोबर. माणसं वाईट नव्हती, एकाने तर खुर्ची पुसून दिली. पण अहो, मलबारी ज्यू १९५० च्या दशकात जवळजवळ सगळे इस्राएलला गेले, मागे वास्तू राहिल्या, त्या विकल्या गेल्या, गोदामं झाली. ज्याने गोदाम म्हणून विकत घेतलं त्याच्याकडून त्याने स्वतःच्या खिशातून वारसा सांभाळावा ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच्याशी बोलणं, मोबदला ठरवणं, नाही ऐकलं तर कायदा दाखवणं, हे सरकारचं काम, राज्याचा स्वतःचा पुरातन वास्तूंचा कायदा आहे, १९६८ चा. मालक खासगी असला की वास्तूचं वय कमी होत नाही.

दुसरी तक्रार मला जास्त लागलेली आहे, ती लांबेल.

टुरिस्टांना तुम्ही जे "कोचीचं सिनेगॉग" म्हणून दाखवता ते परदेशी सिनेगॉग, १५६८ चं. सुंदर आहे, वाद नाही. चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, एकसारखी दुसरी नाही, घड्याळाचा मनोरा, झुंबरं. १९६८ ला त्याची चारशे वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी आल्या होत्या, पोस्टाचं तिकीट निघालं. ते बांधणाऱ्यांना "परदेशी" म्हणायचे कारण ते बाहेरून आलेले, स्पेन-पोर्तुगालमधून हाकललेले, पुढे बगदाद-अलेप्पोकडचे. नाव मीच काढलेलं नाही, शतकानुशतकं तेच चाललंय. मग त्यांच्या आधीपासून इथे असलेले कोण? तर मलबारी ज्यू. कोडुंगल्लूरहून आलेले. केरळात आठ सिनेगॉग होती त्यातली सात त्यांची. कडवुंभागम त्यातलंच, परदेशी सिनेगॉगपेक्षा चोवीस वर्षांनी मोठं. कडवु म्हणजे धक्का, होडी लागायची जागा, भागम म्हणजे बाजू. धक्क्याकडची आळी. आणि तेक्कुंभागम म्हणजे दक्षिणेकडची. हीच दोन नावं मट्टानचेरीत आणि हीच दोन एर्नाकुलममधे, कारण असं सांगतात की जुनं गाव सोडताना लोकांनी आळीची नावं बरोबर आणली. आपण नाही का मुंबईच्या चाळीत गावच्या वाडीचं मंडळ काढत, तसंच.

पण ह्या लोकांना नाव काय पडलं, तर "काळे ज्यू". आणि परदेशी ते "गोरे ज्यू". एका देवाला मानणारे, पण मलबारी माणूस परदेशी सिनेगॉगमधे मिनियानमधे, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत, मोजला जायचा नाही. परदेश्यांच्या स्वतःच्याच मंडळीत ज्यांचे पूर्वज गुलाम होते म्हणत, त्यांना तर आत बाकावर बसता यायचं नाही, बाहेर अझारात खाली जमिनीवर. ए. बी. सालेम वकील त्यातलेच, त्यांनी गांधीजींच्या मार्गाने त्याच सिनेगॉगमधे सत्याग्रह केला, आज ज्यू टाऊनमधे त्यांच्या नावाचा रस्ता आहे. हे सगळं पुस्तकात आहे, मी नवीन सांगत नाही. मला हे टोचतं कारण आम्हालाही हा प्रश्न विचारून झालाय, तुम्ही खरे ज्यू का म्हणून, इस्राएलमधे, आमचे लोक तिथे जाऊन राहिल्यावर. १९६४ साली तिथल्या धर्मगुरूंनी मान्य केलं की हो, पूर्ण ज्यू. तोपर्यंत माझ्या आजोबांच्या भावाने उपोषणं बघितली.

तर आता बघा. त्या रस्त्याच्या एका टोकाला तिकीट आहे, पाटी आहे, पोलीस आहे, चपला ठेवायला रॅक आहे. दुसऱ्या टोकाला, जे जुनं, जे इथल्याच मातीतल्या लोकांचं, तिथे काय होतं? मधलं तेक्कुंभागम तर आधीच पाडून झालेलं. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ज्यांना तेव्हा दारात बसवलं त्यांची इमारत आता दारातच पडू दिली, असं दिसतं, आणि दिसतं ते बदलायची जबाबदारी तुमची.

तिसरी. हे जमत नाही असं नाही. पारावूरचं सिनेगॉग तुम्हीच मुझिरिस वारसा प्रकल्पात दुरुस्त केलं, चेंदमंगलमचं त्याच्याही आधी, आज दोन्हीकडे म्युझियम आहे, मी माझ्या आईला दोन्ही दाखवून आणलीत. चेंदमंगलमला १२६९ सालचा सारा नावाच्या बाईचा दगड आहे, हिब्रू कोरलेला, आईने त्याच्यावर हात ठेवून कद्दिश, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हटलं. सुरेख काम केलंय. एर्नाकुलमचं कडवुंभागम, पुढे रोपांचं आणि माशांच्या टाक्यांचं दुकान असलं तरी मागे इमारत उभी आहे, दुरुस्तही झाली. मुंबईला काळा घोड्याचं निळं सिनेगॉग ह्याच वर्षी फेब्रुवारीत दुरुस्तीनंतर परत उघडलं, १८८४ चं आहे ते. एकाच वर्षात तिथे एक उघडलं, इथे एक पडलं. पाऊस मुंबईतही पडतो.

चौथी, छोटी. कडवुंभागम संरक्षित वास्तू आहे का नाही ह्याचं उत्तर मला कोणी कागदावर देईना. एका खिडकीवर म्हणाले फाइल वर आहे, वर म्हणाले खाली आहे. फाइल जिन्यात असावी.

कोणीतरी असंही म्हणालं की कडवुंभागमला मध्ययुगीन वगैरे म्हणू नका, १५४४ ला युरोपात मध्ययुग संपलं होतं. संपलं असेल. आमच्या सातवीच्या पुस्तकात शिवाजी महाराजसुद्धा मध्ययुगीन भारतातच होते. आणि ज्यांना त्याहून जुनं हवं त्यांच्यासाठी कोचंगडीचा शिलालेख आहे, १३४४ च्या सिनेगॉगचा. ती इमारत गेली, दगड तेवढा राहिला आणि परदेशी सिनेगॉगच्या अंगणात भिंतीत बसवलेला आहे. मी तो बघते तेव्हा मला भीती वाटते की तुमच्या मनात कडवुंभागमचंही हेच आहे. एक पाटी, एक दगड, बाकी पार्किंग.

पडलेल्याचंही काम होतं हो. व्हिएन्नात १४२१ ला ज्यूंना मारून-हाकलून त्यांचं सिनेगॉग जमीनदोस्त केलं, १९९५ मधे चौकाखाली खणताना नुसता पाया मिळाला, गुडघ्याएवढ्या भिंती, तर त्यांनी त्या जमिनीखाली तशाच ठेवल्या आणि आता लोक उतरून बघतात. जर्मनीत वर्म्सचं हजारेक वर्षांच्या परंपरेचं सिनेगॉग १९३८ मधे नाझींनी जाळलं, नंतर पार ढिगारा झाला, आणि १९६१ मधे ते परत उभं राहिलं, मिळतील तेवढे जुनेच दगड वापरून. वापरता आले कारण कोणीतरी ते दगड उचलून ट्रकमधे टाकू दिले नव्हते. आपल्याकडे तर कोणी जाळलं नाही, कोणी हाकललं नाही, भारताबद्दल आम्ही ज्यू जगभर अभिमानाने हेच सांगतो की इथे आम्हाला कधी कोणी त्रास दिला नाही. मग पाऊस आणि फाइल एवढ्यानेच जावं?

आता मागण्या. मोठं काही नाही, सिनेगॉग परत बांधा असं मी म्हणत नाही. प्रार्थनेला दहा माणसं कुठून आणणार, आणि नवी कोरी नक्कल करून त्यावर दिवे सोडण्यापेक्षा पडकं बरं.

१) ढिगारा हलवू नका. एकही ट्रक नको. जांभ्याचा जुना चिरा विकला जातो, सागाचा तुकडा तर विकला जातोच, ज्यू टाऊनमधे जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळलं. आधी फोटो, मापं, प्रत्येक चिऱ्याला नंबर, मग हलवायचा तर हलवा, आणि आवारातच ठेवा.

२) उभ्या भिंतींना आज टेकू आणि वरून ताडपत्री. आज म्हणजे आजच. तुलावर्षम तोंडावर आहे, दुपारनंतरचा तो गडगडाटी पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. एक पाऊस ह्या भिंतींनी घालवला, दुसरा घालवणार नाहीत.

३) संरक्षित आहे की नाही ते लेखी सांगा. असेल तर जागेवर पाटी लावा. नसेल तर का नाही आणि कधी करणार तेही लेखी.

४) मालकाशी बोलणी, योग्य मोबदला, आणि ते बोलणं किती दिवसांत संपवणार त्याची तारीख. त्यांना खलनायक करू नका, त्यांच्याकडे फोटो-कागद काही असतील तर तेही मागा.

५) जेरुसलेमच्या म्युझियमला पत्र लिहा. आख्खं दालन उतरवून, बोटीतून नेऊन परत जोडायचं तर मापं, नकाशे, फोटो काढल्याशिवाय कोणी करत नाही. ते कागद त्यांच्याकडे असणारच, प्रती मागून घ्या. लाकूड परत मागा असं मी म्हणत नाही (आजी असती तर म्हणाली असती).

६) ज्यांचं ते होतं त्यांना विचारा. कोचीचे ज्यू संपलेले नाहीत, हे "शेवटचे, शेवटचे" लिहिणं बंद करा एकदाचं. निगेव्हच्या वाळवंटात नेवातीम म्हणून गाव आहे, तिथे कोचीचे ज्यू जाऊन वसले, तिथल्या म्हाताऱ्यांना अजून मल्याळम येतं, बायकांची मल्याळम गाणी वह्यांमधे लिहून जपलेली आहेत. ज्यांनी लहानपणी कडवुंभागमच्या माडीवरून खाली बघितलंय अशी माणसं आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे असतील. कुठला दरवाजा कुठे होता, भिंतीचा रंग कुठला, दिवे कुठे टांगायचे, हे त्यांना फोन लावून विचारता येतं. चिरे थांबतील एकवेळ, ही माणसं थांबणार नाहीत. सगळ्या मागण्यांमधे ही एक आधी करा, हिला बजेटही लागत नाही.

७) पाटी लावाल तेव्हा "काळ्या ज्यूंचं" असं लिहू नका. कडवुंभागम लिहा, मलबारी ज्यू लिहा.

बुधवारी आमचा दारफळणीचा सण झाला, जग ज्याला योम किप्पुर म्हणतं. दार फळणं म्हणजे दार लावून घेणं. कोकणात त्या दिवशी आमचे लोक दारं बंद करून घरात बसायचे, उपास, पांढरे कपडे, कोणाशी बोलायचं नाही, वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. मी पण दार लावून बसले होते. पण सारखं ते दुसरं दार डोळ्यासमोर येत होतं, ज्याला लावायलाही फळी उरलेली नाही, आणि संध्याकाळी उपास सोडल्यावर पहिलं काम केलं ते हे पत्र लिहायला घेतलं. दोन दिवस लागले, नोकरी आहे.

आता शब्बाथ लागायच्या आत पोस्ट करायचंय म्हणून आवरते. एक राहिलं. ताडपत्रीसाठी खर्चाचं हेड नाही असं तुमच्याकडून उत्तर येईल हे मला माहितीये, म्हणून एर्नाकुलमच्या ब्रॉडवेवर काल किंमत काढून आले. जाड, कडेला रिंगा असलेली, दोन मोठ्या लागतील. ठाण्याच्या आणि पनवेलच्या मंडळींनी व्हॉट्सअॅपवर अर्ध्या तासात पैसे जमवले, अश्दोदच्या मावशीने दोर तिच्याकडून म्हणून सांगितलंय. बांबू बांधणारे दोघं ओळखीचे आहेत. आत पाऊल टाकायची परवानगी तेवढी आमच्याकडे नाही, ती तुमच्याकडे आहे. सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या मी खाली खिडकीवर उभी असेन, एका ओळीचा कागद आणि शिक्का पुरे.

आपली,
पाच वर्षं कोचीत घरभाडं भरणारी, मूळची अलिबागकडची